औषध गावात, रुग्ण गावाबाहेर

दरवर्षी १ डिसेंबरला जागतिक एड्स दिनाच्या फेऱ्या निघतात, लाल फितीच्या आकारात विद्यार्थी उभे केले जातात, शपथ होते, पथनाट्य होते. नाशिकही त्याला अपवाद नाही. हे कार्यक्रम निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. एके काळी त्यांनी मोठे काम केले आहे. पण लोकांमध्ये जागृती झाली, हे ओळखायचे कशावरून, हा प्रश्न आता विचारायलाच हवा. फेरीत किती मुले होती, पत्रके किती वाटली, यावरून ते ठरत नाही. माझ्या मते त्याची कसोटी एकच आहे: एचआयव्हीसह जगणारा माणूस आपल्याच तालुक्याच्या रुग्णालयातून, शेजाऱ्याने पाहिले तर काय होईल याची धास्ती न बाळगता, महिन्याच्या गोळ्या घेऊन घरी जाऊ शकतो का? आज याचे उत्तर बहुतेक ठिकाणी नाही असेच आहे. जवळचे केंद्र टाळून कोणीही ओळखत नाही अशा लांबच्या केंद्रात नाव नोंदवणे, घरी आल्यावर डबीवरचे लेबल खरवडून काढणे, गोळ्या दुसऱ्याच डब्यात भरून ठेवणे, कोणी विचारले तर ‘बीपीच्या आहेत’ असे सांगून वेळ मारून नेणे, या गोष्टी समुपदेशकांना नवीन नाहीत. औषध गावापर्यंत आले आहे आणि ते घेण्यासाठी माणूस गावाबाहेर जातो आहे. जनजागृतीचे आजवरचे यश आणि अपयश, दोन्ही या विसंगतीत दिसतात.

भारतात एचआयव्हीचा संसर्ग पहिल्यांदा सापडला तो १९८६ मध्ये, तेव्हाच्या मद्रासमध्ये. त्याच वर्षी मुंबईत एड्सचा रुग्ण नोंदला गेला. त्या काळी औषध नव्हते. हाती होती ती फक्त माहिती, आणि तीही अर्धवट. म्हणून सुरुवातीच्या प्रचारात मृत्यू ठसठशीत होता: कवटी, सापळा, फणा काढलेला नाग, ‘एड्सला औषध नाही’. त्याबरोबरच धोका कोणापासून आहे हेही सांगितले गेले: वेश्यावस्ती, ट्रकचालक, नशेची इंजेक्शने घेणारे. साथरोगशास्त्राच्या दृष्टीने या गटांकडे लक्ष देणे योग्य होते, कारण विषाणू तिथे वेगाने पसरत होता. पण जो शब्द डॉक्टरांच्या नोंदवहीत ‘जोखमीचा गट’ होता, तो चौकातल्या भिंतीवर येताच ‘तसली माणसे’ झाला. गोव्यात १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या रक्तदान करणाऱ्या तरुणाला केवळ चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून पोलिसांनी धरून नेले आणि एका ओसाड क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकट्याला डांबून ठेवले. राज्याच्या आरोग्य कायद्यात तशी तरतूदच होती. आजाराशी लढायचे म्हणजे आजारी माणसाला वेगळे काढायचे, ही समजूत फक्त लोकांची नव्हती, कायद्याचीही होती.

‘तसल्या माणसांचा आजार’ ही कल्पना किती खोटी होती, याचा पुरावा महाराष्ट्रातच, आणि फार लवकर मिळाला. पुण्यातील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या, म्हणजे ‘नारी’च्या, शास्त्रज्ञांनी गुप्तरोगाच्या दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला आणि १९९७ मध्ये तो अमेरिकेतील ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शरीरविक्रय न करणाऱ्या, बहुतेक एकाच नवऱ्याबरोबर राहिलेल्या बायकांमध्ये संसर्गाचे प्रमाण साडेतेरा टक्क्यांच्या आसपास निघाले. त्यांची जोखीम एवढीच, की त्यांचे लग्न झाले होते. हा निष्कर्ष घराघरांत पोहोचायला हवा होता. प्रत्यक्षात पोहोचले ते ‘परस्त्रीपासून दूर राहा’ हे पुरुषाला उद्देशून केलेले आवाहन. घरातल्या बाईने काय करायचे, नवऱ्याला निरोध वापरायला कसे सांगायचे, तिने सांगितल्यावर तिच्याच चारित्र्यावर बोट ठेवले गेले तर काय, याबद्दल प्रचार बराच काळ गप्प होता. नवरा आधी गेला की ‘हिनेच आणले’ असे म्हणून सून घराबाहेर काढली जाते, जमिनीच्या सातबाऱ्यावर तिचे नाव लावायला टाळाटाळ होते, मुलांना आजीकडे ठेवून तिला माहेरी पाठवले जाते. ही वेळ विषाणूमुळे आलेली नसते. जोखीम कुठून येते याची खरी माहिती असूनही ती सांगितली गेली नाही, म्हणून येते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा: भीतीचा प्रचार असेल, पण त्यानेच साथ आटोक्यात आली ना? आकडे वरवर पाहिले तर तसे वाटते. महाराष्ट्र एके काळी देशातल्या सहा अतिप्रादुर्भावाच्या राज्यांपैकी एक होता. राष्ट्रीय अंदाजानुसार २०१० ते २०२३ या काळात देशात नव्या संसर्गांचे प्रमाण ४४ टक्क्यांनी आणि एड्सशी संबंधित मृत्यूंचे प्रमाण ७९ टक्क्यांनी कमी झाले. पण ही घट कुठे आणि कशी झाली ते पाहिले की भीतीचे श्रेय बरेच कमी होते. सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ संस्थेने गोकुळनगरसारख्या वस्त्यांमध्ये जे काम केले, त्यात निरोध वाटणाऱ्या, समजावणाऱ्या, दवाखान्यात सोबत जाणाऱ्या बायका त्या वस्तीतल्याच होत्या. १९९६ मध्ये त्यांनी स्वतःची संघटना उभी केली: वेश्या अन्याय मुक्ती परिषद. पुढे २००३ पासून ‘आवाहन’ या एचआयव्ही प्रतिबंधाच्या कार्यक्रमाने सहा राज्यांत हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर नेली. ‘लॅन्सेट’मधल्या २०११ च्या एका अभ्यासाने त्या कार्यक्रमामुळे २००३ ते २००८ या काळात सुमारे एक लाख संसर्ग टळले असावेत, असा अंदाज मांडला. मृत्यूंमधली घट तर उघडच औषधांची देणगी आहे. मोफत उपचार १ एप्रिल २००४ पासून सुरू झाले. म्हणजे जिथे माणसांना हाताशी धरले, साधने दिली, त्यांच्यातल्याच कोणाला तरी बोलते केले, तिथे फरक पडला. घाबरलेला माणूस चाचणी करायला येत नाही. तो चाचणी टाळतो, आणि टाळणाराच नकळत संसर्ग पुढे नेतो.

नाशिक जिल्ह्याची रचना पाहिली तर हा मुद्दा अधिक ठळक होतो. मुंबई-आग्रा महामार्ग इगतपुरीपासून मालेगावच्या पुढपर्यंत जिल्हा चिरत जातो. आडगावचे ट्रक टर्मिनल, द्वारका चौक, पिंपळगाव बसवंत आणि लासलगावच्या बाजारपेठांत येणारी मालवाहतूक, मनमाडचे जंक्शन, सातपूर-अंबडच्या कारखान्यांमधले परगावचे कामगार: ट्रकचालकांसाठीचे प्रकल्प, निरोधाची यंत्रे, थांब्यांवरची आरोग्य शिबिरे यांचा भर याच पट्ट्यावर राहिला, आणि ते बरोबरच होते. पण जिल्ह्यात दुसराही एक प्रवास चालतो, ज्याची नोंद कोणत्याच टोलनाक्यावर होत नाही. सुरगाणा, पेठ, हरसूलकडची आदिवासी कुटुंबे पाऊस संपला की द्राक्षाच्या छाटणीसाठी, घड बुडवण्याच्या ‘डिपिंग’साठी, पुढे तोडणीसाठी दिंडोरी-निफाडकडे उतरतात. गिरणाऱ्यात सकाळी मजुरांचा बाजार भरतो: कपड्यांच्या गाठोड्यासह उभी असलेली जोडपी, पाठीला बांधलेली मुले, समोर पिकअप घेऊन आलेले बागाईतदार, रोजावर होणारी घासाघीस. सौदा ठरला की अर्ध्या तासात ते कुटुंब दहा-वीस किलोमीटरवरच्या कुठल्यातरी मळ्यात जाऊन पडते आणि महिना-दोन महिने तिथेच राहते. या बाजारात उभ्या असलेल्या बाईला एचआयव्हीबद्दल काय सांगायचे? ‘एड्सला हद्दपार करूया’ हे वाक्य तिच्या काहीही कामाचे नाही. तिला तिच्या बोलीत, कोकणीत किंवा वारलीत, तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: पोटुशी असताना सरकारी दवाखान्यात ही चाचणी मोफत होते आणि वेळेत उपचार मिळाले तर बाळाला संसर्ग होण्याची शक्यता पाच टक्क्यांच्याही खाली येते, उपचार नसतील तर तीच शक्यता पंधरापासून पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत असते, आणि गोळ्या सुरू असतील तर गाव सोडले म्हणून त्या थांबवायच्या नसतात, मळ्याजवळच्या केंद्रातूनही त्या मिळवता येतात. एवढे तिला सांगितले गेले, तर माझ्या लेखी जागृती झाली.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत वैद्यकशास्त्राने जे केले ते लोकांपर्यंत नीट पोहोचलेले नाही, आणि आजच्या घडीची सर्वांत मोठी उणीव मला हीच वाटते. २०११ मध्ये एका आंतरराष्ट्रीय चाचणीचे निकाल आले; पुण्याची ‘नारी’ तिच्या केंद्रांपैकी एक होती. जोडप्यातील एकाला संसर्ग आहे, दुसऱ्याला नाही, अशा वेळी बाधित जोडीदारावर लवकर उपचार सुरू केले तर दुसऱ्याला संसर्ग होण्याची शक्यता ९६ टक्क्यांनी घटते, असे तीत दिसले. पुढच्या अभ्यासांनी आणखी स्पष्ट सांगितले की नियमित औषधांमुळे रक्तातला विषाणू मोजणीत सापडेनासा झाला, तर लैंगिक संबंधांतून तो दुसऱ्याकडे जातच नाही. २०१७ पासून आपल्याकडे चाचणी पॉझिटिव्ह येताच, प्रतिकारशक्तीच्या सीडी-फोर पेशींची संख्या खाली येण्याची वाट न पाहता, उपचार सुरू केले जातात. आता बहुतेकांना दिवसातून एकच गोळी घ्यावी लागते. त्या एका गोळीत टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर अशी तीन औषधे असतात. ती रोज घेणारा माणूस काम करतो, संसार करतो, निरोगी मुलांना जन्म देतो, आणि म्हातारा होतो. हे वाक्य आपल्या भिंतींवर कुठेही लिहिलेले दिसत नाही. नव्वदच्या दशकातला ‘औषध नाही’ हा संदेश लोकांच्या डोक्यात जसाच्या तसा आहे, कारण तो खोडून काढण्याचा तेवढाच जोरकस प्रयत्न झालाच नाही.

न सांगितल्याची किंमत मोजावी लागते. २०२३ च्या अंदाजानुसार देशात २५ लाखांहून अधिक लोक एचआयव्हीसह जगत आहेत, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा, सुमारे चार लाखांच्या घरातला, सर्वांत मोठा आहे. औषध नियमित घेणाऱ्यांपैकी बहुसंख्यांचा विषाणू आटोक्यात येतो; गळती होते ती त्याआधी, चाचणीच न करणाऱ्यांमध्ये आणि मध्येच उपचार सोडणाऱ्यांमध्ये. आणि इथे आपल्या चांगल्या हेतूच्या योजनासुद्धा कधी कधी अडसर होतात. संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्हीबाधितांचा समावेश आहे. महिना १,५०० रुपये एका विधवेच्या घरात कमी नसतात. पण त्यासाठी अर्ज जातो तहसील कार्यालयात, चौकशी होते गावात. ज्या गावापासून तिने सहा वर्षे आजार लपवला, त्याच गावातल्या कर्मचाऱ्याच्या हाती तिने स्वतः कागद द्यायचा. एसटीची प्रवास सवलत मिळवायची तर भरलेल्या गाडीत कंडक्टरपुढे ओळखपत्र धरायचे. वर्षाला २१,००० रुपयांच्या उत्पन्नमर्यादेत बसणारी माणसेही मग पदरचे भाडे भरतात आणि अनुदानाचा अर्ज करत नाहीत. सवलतीचे कार्ड असे असावे की ते कोणत्या कारणासाठी दिले आहे हे वरून कळू नये, आणि निराधार योजनेची पडताळणी उपचार केंद्रातच व्हावी, एवढी मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

जागृतीचा विषय निघाला की आपण अशिक्षितांकडे बोट दाखवतो. पण भेदभावाच्या तक्रारी जिथून येतात, त्यांत दवाखाने आहेत. खाटेवर लाल चिठ्ठी लावणे, शस्त्रक्रिया पुढे ढकलत राहणे, बाळंतिणीला ‘मोठ्या दवाखान्यात न्या’ म्हणून बाहेरच्या बाहेर वाटेला लावणे, हे शिकलेल्या हातांनी होते. सुई टोचण्याच्या अपघाताची भीती खरी आहे आणि ती कोणी हसण्यावारी नेऊ नये. मात्र प्रमाण लक्षात घ्यावे: एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचल्यास संसर्गाची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते. हेपटायटिस बी मध्ये, लस घेतलेली नसेल तर, ती तीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. तरीही हेपटायटिसच्या रुग्णाच्या खाटेवर लाल चिठ्ठी क्वचितच लागते. शिवाय अपघातानंतर ७२ तासांच्या आत, आणि शक्य तितक्या लवकर, प्रतिबंधक औषधे सुरू केली की एचआयव्हीची ती छोटी शक्यताही बहुतांशी टळते. प्रत्येक रुग्णाच्या रक्ताबाबत सारखीच काळजी घेणे हा एकच शास्त्रीय मार्ग आहे. चिठ्ठी लावल्याने फक्त चाचणी न झालेल्या रुग्णाबाबत खोटा निर्धास्तपणा येतो. महाराष्ट्राचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्येच आहे. राज्यभरातल्या डॉक्टरांचे आणि परिचारिकांचे अभ्यासक्रम ज्याच्या अखत्यारीत येतात, त्या विद्यापीठाच्या शहराकडून या बाबतीत जास्त अपेक्षा ठेवणे स्वाभाविक आहे.

कायदा आता रुग्णाच्या बाजूने आहे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कामगाराला, त्याचे नाव गुप्त ठेवण्याची मुभा देऊन, न्याय दिला: काम करण्यास सक्षम असलेल्या आणि इतरांना धोका नसलेल्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. पुढे संसदेने २०१७ मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय चाचणी नाही, संमतीशिवाय वाच्यता नाही, नोकरी, शाळा, भाड्याचे घर आणि उपचार यांत भेदभाव नाही, सासरच्या घरात राहण्याचा हक्क, आणि शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी. सातपूर-अंबडच्या किती कारखान्यांत त्या अधिकाऱ्याचे नाव कामगारांना माहीत आहे? ज्या हक्काची माहितीच नाही तो मागणार कोण? एड्स दिनाच्या पत्रकांत या कायद्याची चार कलमे छापली, तर निदान एक उपयुक्त कागद लोकांच्या हाती पडेल.

गुप्ततेवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो सर्वांत अवघड आहे: नवऱ्याचा आजार गुप्त ठेवायचा, तर बायकोच्या जिवाचे काय? नारीच्या अभ्यासातल्या बायका आठवल्या की हा प्रश्न टाळता येत नाही. कायद्यानेही तो टाळलेला नाही. रुग्णाला समुपदेशन करूनही तो जोडीदाराला सांगत नसेल आणि जोडीदाराला खरोखरच धोका असेल, तर डॉक्टरला किंवा समुपदेशकाला ठरावीक पद्धतीने, समुपदेशन करत, ती माहिती जोडीदाराला देता येते. आणि बाधित बाईलाच त्या जोडीदारापासून मारहाणीचा धोका असेल, तर तिच्यावर सांगण्याची सक्ती नाही. गुप्तता जगापासून आहे, ज्याच्या जिवावर बेतू शकते त्याच्यापासून नाही. हा फरक समजावणे कठीण आहे, म्हणून तो सोडून देऊन ‘लग्नाआधी सगळ्यांची सक्तीने चाचणी करा’ हा सोपा उपाय सुचवला जातो. गोव्यात २००६ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये तो पुढे आला. तो फसवा आहे. संसर्ग झाल्यावर काही आठवडे चाचणीत तो दिसत नाही, लग्नानंतर झालेला संसर्ग तर दिसणारच नाही, आणि जिथे दाखला लागतो तिथे दाखला विकतही मिळतो. स्वेच्छेने दोघांनी मिळून चाचणी करणे वेगळे. त्याला प्रोत्साहन जरूर द्यावे.

हे सगळे बोलायला लागणारी भाषा आपण मुलांना देत नाही, ही या प्रश्नाची मुळातली अडचण. ज्या महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक आरोग्याचे मासिक चालवले, अश्लीलतेचे खटले सोसले आणि एका खटल्यात ज्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले, त्याच राज्याने २००७ मध्ये शाळांतला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम संस्कृतीच्या नावाने रोखला. मुले बिघडतील हा त्यामागचा युक्तिवाद होता. परिणाम २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसतो: एचआयव्हीबद्दल परिपूर्ण माहिती असलेल्या स्त्रिया देशात केवळ २२ टक्के, पुरुष ३१ टक्के. एड्सचे नाव ऐकलेले नाही असे थोडेच असतील. पण तो कसा होतो, कसा होत नाही, धडधाकट दिसणाऱ्यालाही असू शकतो, हे सगळे नीट माहीत असणारे इतके कमी. पालकांची काळजी मी समजू शकतो. तरीही ती काळजी मोबाइलवर काहीही पाहू शकणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला अज्ञानात ठेवून मिटणार नाही.

शेवटी प्रश्न येतो प्राधान्याचा. मधुमेह आहे, कर्करोग आहे, रुग्णसंख्या घटत असलेल्या आजारावर इतकी शक्ती कशाला? देशात २०२३ मध्ये अंदाजे ६८ हजार नवे संसर्ग आणि ३५ हजारांहून अधिक मृत्यू झाले, हे एक उत्तर. दुसरे उत्तर क्षयरोगाचे आहे: एचआयव्ही असलेल्यांच्या मृत्यूंत क्षयरोग हे मोठे कारण असते, आणि लपवून ठेवलेला एक आजार दुसऱ्याला वाट करून देतो. नाशिकपुरते सांगायचे तर २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी रस्ते, पूल, घाट यांची कामे करायला राज्याबाहेरून मजूर येत आहेत. त्यांच्या वसाहतींवर चाचणीची सोय, त्यांच्या भाषेत बोलणारा समुपदेशक, १०९७ या मोफत हेल्पलाइनचा क्रमांक, आणि गावी परतताना उपचार खंडित होऊ नयेत अशी कागदपत्रे, हे कंत्राटाच्या अटींतच लिहिता येईल. ठेकेदाराकडून हेल्मेट आणि पिण्याचे पाणी मागता येते, तसे हेही मागता येईल. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही, आणि लागणारा खर्च एका दिवसाच्या फेरीवर, बॅनरवर आणि सत्कारांवर होणाऱ्या खर्चाहून फार मोठा असेल असे वाटत नाही.